मुसफ्फाचा खासदार

मुसफ्फाला खासदार आहे, असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. अबू धाबीचा हा औद्योगिक भाग. गॅरेजं, लोखंडाची वर्कशॉप्स, गोदामं आणि कामगारांचे कॅम्प. इथे मतं मागायला कोण येणार? पण इथल्या एखाद्या यार्डात फ्रेंच इंजिनिअर असेल, तर त्याची प्रतिनिधी पॅरिसच्या संसदेत बसते.

फ्रान्सने २००८ साली घटनादुरुस्ती केली आणि नॅशनल असेंब्लीच्या ५७७ जागांपैकी ११ जागा परदेशी राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांना दिल्या. पहिली निवडणूक २०१२ साली झाली. आफ्रिकेचा मोठा भाग आणि अमिरातीसह मध्यपूर्वेतले बरेच देश मिळून त्यातला दहावा मतदारसंघ होतो. आधी अलाँ मार्सो तिथून निवडून आले. २०१७ साली मोरोक्कोत जन्मलेल्या अमल अमेलिया लाक्राफी आल्या, २०२२ मध्ये पुन्हा त्याच. मतदार इथल्या दूतावासात जाऊन मत देतो. २०२२ मध्ये तर घरबसल्या इंटरनेटवरूनही देता आलं.

हे वाचलं आणि मला मधू दंडवते आठवले. अहमदनगरला जन्मलेला, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूरमधून लोकसभेत गेला. त्यांचा मतदारसंघ कसा होता, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. घरटी एक माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. गावाकडे म्हातारी माणसं, बायका, मुलं आणि मनिऑर्डर. म्हणजे दंडवते गावातल्यांचे खासदार होते, तसेच गाव सोडलेल्यांचेही. १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. कोकण रेल्वेचा तर त्यांनी ध्यासच घेतला होता. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पुढच्याच वर्षी दंडवते निवडणूक हरले. पण १९९८ साली गाडी पूर्ण मार्गावर धावली, ती चाकरमान्यांना घेऊनच.

आता चाकरमानी मुसफ्फात आहे. त्याचं काय?

आपल्याला मताचा हक्क २०११ पासून आहे. फॉर्म ६ए भरला की पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर, पासपोर्ट घेऊन हजर राहावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेल्या वेळी मतदान ७ मे २०२४ ला, मंगळवारी होतं. इथल्या वेल्डरने त्यासाठी रजा आणि तिकीट कुठून आणायचं? त्या निवडणुकीत देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. मत दिलं तीन हजारांच्या आतबाहेर, आणि त्यातले बहुतेक केरळचे. आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यावं, असं विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते अडकलं आणि पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपताच बाद झालं.

तुम्ही अमेरिकेत असाल तर तिथलं नागरिकत्व घेऊन तिथे मत देऊ शकता. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार तर डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले. आखातातल्या माणसाला ही वाट नाही. तो वीस वर्षं राहिला तरी भारतीयच राहतो आणि एक दिवस परततो. थकलेला पगार, एजंटने बुडवलेले पैसे, कॅम्पमध्ये मरण आलं तर देह गावी पोचवणं, हे त्याचे प्रश्न. ते दिल्लीत मांडणारा माणूस निवडण्यात त्याचाच वाटा नाही.

आपल्यासाठी वेगळ्या जागा हव्यात, एवढं मोठं मागणं माझं नाही. दूतावासात एक मतपेटी ठेवली तरी पुष्कळ झालं. तोवर फॉर्म ६ए भरा. याद्यांत आपली नावं मोजण्याइतकी झाली, तर प्रचाराला येणारा उमेदवार तुमच्या आईला निदान विचारील, मुलगा कुठे असतो म्हणून.