बांधावरच्या पुड्या

डुकराचं मांस आमच्या घरात शिजत नाही. कोंबडी शिजते, पण तीही परसात आणि वेगळ्या भांड्यात. आत्या माळकरी आहे. त्यात गाव ओतूर, तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचं. इथं माळकरी माणसाचा शब्द घरात शेवटचा असतो. आता गंमत अशी, की गोव्यात नोकरीला असलेला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरीसची माळ घेऊन आलेला आत्तेभाऊ हा तिचाच मुलगा. तिनं पिशवीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काय असंल ते बांधावर न्या. उंबऱ्याच्या आत नको."

चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज. डुकराचं मांस आणि चरबी, लाल मिरची, लसूण, मसाला आणि भरपूर व्हिनेगर, हे सगळं आतड्यात भरून, दोऱ्यानं बांधून उन्हात किंवा धुरावर वाळवलेलं. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गोव्यात ते पूर्वापार साठवतात, म्हणूनच रात्रभराच्या एसटीत फ्रीजशिवाय नीट राहिलं. मात्र वाळवलेलं असलं तरी ते कच्चंच असतं, पूर्ण शिजवावं लागतं. फॉइलमध्ये भाजीबरोबर बांधून निखाऱ्यावर ठेवायची कल्पना भावाची. मला ती लगेच पटली, कारण पुडी बंद असते. ज्याची त्याची पुडी वेगळी, कुणाचा रस कुणाच्या ताटात नाही. आमच्यासारख्या घरात स्वयंपाकाचा निम्मा वेळ कुठलं पातेलं कुणाचं हे सांभाळण्यातच जातो.

भाजीसाठी लांब जावं लागलं नाही. बटाटे सातगाव पठारचे. आंबेगाव तालुक्यातल्या पेठ, कुरवंडीकडच्या या पठारावर बटाटा खरिपात, पावसाच्या भरवशावर घेतात आणि गणपतीच्या मागंपुढं काढतात. कांदा घरचा, ढोबळी आणि मटार नारायणगावच्या बाजारातले. बटाटा, टोमॅटो, ढोबळी, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेतली, तेव्हा पुडीतले जुने रहिवासी कांदा, लसूण आणि मटारच. टोमॅटो मात्र मी पुडीत घालू दिला नाही. आंबट आणि खारट पदार्थ तापल्या अॅल्युमिनियमला लागून राहिले, की धातू थोडा थोडा अन्नात उतरतो, आणि चोरीसमध्ये व्हिनेगर आणि मीठ आधीच होतं. म्हणून प्रत्येक फॉइलवर आधी केळीच्या पानाचा तुकडा अंथरला. अलिबागकडं पोपटी करताना शेंगांच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालतात, त्या पाल्याचा वास शेंगांना लागतो. केळीच्या पानानंही तेच केलं, चव राखली आणि वर वास दिला.

बटाट्याच्या चकत्या पातळ हव्यात, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. जाड राहिल्या तर चोरीस होतं आणि बटाटा कच्चा राहतो. खाली बटाटा, त्यावर कांद्याच्या मोठ्या फोडी, मटार, ढोबळी, आणि सगळ्यांत वर आतड्यातून सोडवून मोकळं केलेलं चोरीस. चरबी वितळून खाली उतरते, तेल घालायची गरज नाही, मीठ तर मुळीच नाही. फॉइल दुहेरी, कडा दोनदा दुमडलेल्या, आणि आत वाफेला थोडी जागा. चकचकीत बाजू आत की बाहेर, यावर भावानं बराच वाद घातला. काही फरक पडत नाही. कारखान्यात शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र जातात, रोलरला लागलेली बाजू चकाकते आणि एकमेकांना लागलेली मंद राहते, एवढंच.

जाळायला शेजारच्या द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्यांचा ढीग तयार होता. फ्रान्समध्ये द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात म्हणे, भावानं ऐकवलं. पण आपल्या बागेवर हंगामभर मोरचूद आणि औषधांचे किती फवारे बसतात हे जुन्नर तालुक्यात कुणाला सांगायला नको. त्या धुरावर मी अन्न ठेवणार नाही. बाभळीची लाकडं पेटवली आणि ज्वाळा बसून निखाऱ्यावर राख चढेपर्यंत थांबलो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ज्वाळेवर पातळ फॉइलला भोकं पडायला वेळ लागत नाही. अर्ध्या तासाच्या आत पुड्या झाल्या, मध्ये एकदा उलटल्या.

आत्या बांधावर आलीच. तिनं तीन दगडांची आपली वेगळी चूल मांडायला लावली, निखारेही आमच्यातले घेतले नाहीत. तिच्या पुडीत बटाटा, कांदा, मटार, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर तेल. तिसरी पुडी कोंबडीच्या तयार सॉसेजची, पोरांसाठी पुण्याहून आणलेली. पुड्या उघडल्या आणि बाजरीची भाकरी वाढली. चोरीसची लाल चरबी बटाट्यात मुरली होती, तळाचे काप कडेनं करपून कुरकुरीत झाले होते, आणि त्या आंबट-तिखट रशात भाकरी पावापेक्षा सरस लागली. गोव्याच्या माणसाला हे पटणार नाही, पण माझं मत पक्कं आहे. दुसरा नंबर आत्याच्या पुडीचा. कोंबडीचं सॉसेज पोरांनीही अर्धं ठेवलं. आत्या लेकाकडं पाहून म्हणाली, "तुझं तू खा, पर बटाटं सातगावचंच आण हां."

हे सगळं आम्ही दुपारी चारला सुरू करून अंधाराच्या आत उरकलं. उसाच्या तोडीचे दिवस होते. ऊस तुटला की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो वस्तीकडं सरकतो. जुन्नर-आंबेगावात हे रोजचं झालंय, शेतकरी पंपाला दिवसा वीज मागतात तीही त्याचसाठी. तुम्ही नाणेघाटाकडं किंवा डिंभे धरणाच्या बाजूला तंबू ठोकून अशा पुड्या भाजणार असाल, तर भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत आणि वनखात्याच्या जमिनीवर आग पेटवू नका, मालकाला विचारून शेतातच पेटवा. चरबी लागलेलं फॉइल चुरगाळून बांधावर टाकू नका. वासाला आधी कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. खरकटं आणि फॉइल पिशवीत भरून परत न्या.