हीटर बंद करून

14 ऑक्टोबर 2023, पीटरबरो (ऑन्टारिओ)

गाडीची गराजातून हकालपट्टी झाली. हिवाळाभर ती दारात बर्फाखाली राहणार आणि रोज सकाळी काच खरवडायचं काम माझं, या अटीवर बायकोने परवानगी दिली. गराज 20 फूट, त्यात बांधायची कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, 16 फूट. पोट आत घेऊन फिरलो तर जमेल.

वखारीत रेड सीडरच्या लांब, बिनगाठीच्या फळ्या मागितल्या. पोऱ्याने विचारलं, "डेक की कनू?" दुसऱ्या गावात असा प्रश्न कुणाला सुचला नसता. या भागात 1850 च्या दशकात जॉन स्टीफन्सन आणि थॉमस गॉर्डन या मंडळींनी साच्यावर फळ्या वाकवून कनू बांधायला सुरुवात केली आणि पुढे पीटरबरो हे नावच कनूच्या जगात शिक्का होऊन बसलं. मी चौदा वर्षं इथे राहतोय, आणि आजवर भाड्याच्या प्लास्टिकच्या कनूत बसलो.

24 ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा. छोटा रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा, स्टेपल गन आणि सत्तावीस क्लॅम्प. झेंडू दुकानात मिळाला, आपटा कुठून मिळणार? मुलीने मेपलची लाल पानं आणून ठेवली. स्टेपल गनला कुंकू लावताना जरा ओशाळल्यासारखं झालं. तिने मनगटाचे काय हाल करायचे आहेत हे तेव्हा ठाऊक असतं तर जास्तच लावलं असतं. (हे वाक्य जानेवारीत लिहितोय.)

19 नोव्हेंबर

साचे उभे राहिले. प्लायवुडचे आडवे छेद, दर 12 इंचांवर एक. मधला सगळ्यांत रुंद, दोन्हीकडे निमुळते होत जाणारे. नकाशा 'प्रॉस्पेक्टर' घाटाचा. न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट कंपनीने हा घाट नावारूपाला आणला. भरपूर सामान घेऊन वळणावळणाच्या नदीतून जायला ही पोटाळ होडी चांगली.

लाइनदोरी ताणून, एक डोळा मिटून बघितलं तर पाचवा साचा तीन मिलिमीटर डावीकडे. सगळा रविवार त्या तीन मिलिमीटरवर गेला. बायको म्हणाली, "पाण्याला कळणार आहे का?" पाण्याला कळो न कळो, पट्टीला कळतं. ती तिथे कुबड काढते.

3 डिसेंबर

पहिली पट्टी बसली. पट्टी 6 मिलिमीटर जाड, पाऊण इंच रुंद. एका कडेला गोलवा, दुसऱ्या कडेला त्याच मापाची खोबण. गोलवा खोबणीत बसतो, मध्ये सुतारी गोंदाची रेघ. त्यामुळे पट्ट्या वळणावर कलल्या तरी फट पडत नाही. कनू उपडी बांधायची. काठापासून सुरुवात, एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, असं चढत चढत बुडापर्यंत.

वेंगुर्ल्याला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी आयुष्यभर होड्या दुरुस्त केल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रे झिला, फटींत कापूस घातलस नाय? मग पाणी खय थांबतला?"

वर काचेचा कपडा आणि रेझिन येणार, हे समजावलं. "म्हणजे प्लास्टिकाची," मामा म्हणाले, आणि मामींना हाक मारून फोन त्यांच्या हातात दिला.

14 जानेवारी 2024

बाहेर उणे 17. गराजात दोन हीटर लावून कसंबसं 15. आता दिवसाला चार पट्ट्या होतात. प्रत्येक साच्यावर एक स्टेपल, म्हणजे एका पट्टीला पंधरा भोकं. या भोकांवरून कनू बांधणाऱ्यांत दोन तट आहेत. काही जण स्टेपल न मारता क्लॅम्प, दोऱ्या आणि रबरबँड लावून बांधतात, त्यांना दिवसाला एक-दोन पट्ट्यांपलीकडे जाता येत नाही. मी भोकांच्या तटातला. सरळ रांगेतली भोकं मला शिवणीसारखी दिसतात. असं म्हणणं ही आळशी माणसाची पळवाट आहे, हेही मान्य.

सीडरच्या वासाने घर दरवळतं, पण ही धूळ वाईट. रेड सीडरमधल्या प्लिकॅटिक ॲसिडने कामगारांना दमा जडतो हे वाचलं होतं, तरी मास्क गळ्यात लटकवून दोन दिवस घासत बसलो. तिसऱ्या दिवशी सलग शिंका. आता मास्क नाकावर.

10 फेब्रुवारी

शेवटची पट्टी. बुडाच्या मध्यावर बदामाच्या आकाराची फट उरली होती, इथले लोक तिला 'फुटबॉल' म्हणतात. शेवटचा तुकडा दोन्ही टोकांना सुईसारखा निमुळता. सात वेळा बसवला, सात वेळा काढून रंधला. आठव्यांदा हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकला आणि टक् असा आवाज आला.

इथे या तुकड्याला 'व्हिस्की फळी' म्हणतात. ती बसली की बाटली उघडायची. शेजारचे आजोबा बाटली घेऊन आले, मी नारळ फोडला. नारळाचं पाणी आणि व्हिस्की एकत्र बरं लागतं असं आजोबांचं मत पडलं. मी मत राखून ठेवलं.

9 मार्च

स्टेपल उपटून झाले, आता रंधा. पट्ट्यांच्या कडांचे उंचवटे काढून सलग बाक आणायचा. रेषेच्या उलट रंधा गेला की सीडर मुळासकट उपटतं, आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या रेषा उलटसुलट असतात. म्हणून दर वेळी आधी तळवा फिरवायचा. डोळे फसतात, तळवा फसत नाही. रात्री दिवे घालवून टॉर्च आडवा धरला की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. मी रोज टॉर्च धरायचो आणि रोज निजायला उशीर व्हायचा.

24 मार्च, होळी

आज वाट लागली.

नीट लिहून ठेवतो. काचेचा विणलेला कपडा, चौरस मीटरला 200 ग्रॅम, कनूवर पसरला. पांढरा, सैल, जरा अशुभच दिसणारा. रेझिन आणि हार्डनर मोजून कालवलं, ओतलं, रबरी पट्टीने पसरलं. कपडा रेझिन पिऊन दिसेनासा झाला आणि खालून लाकूड उजळून आलं, मधापासून चॉकलेटपर्यंत सगळे रंग. पाच महिने ज्याची वाट बघितली ते हेच. मुलगी टाळ्या वाजवत होती.

पण गराज 13 वर होतं आणि रेझिन काकवीसारखं ओढत होतं. ते पातळ व्हावं म्हणून मी दोन्ही हीटर पूर्ण सोडले. वीस मिनिटांत पुढच्या नाळेपासून तिसऱ्या साच्यापर्यंत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. एक दाबला की शेजारी दोन. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापलं, हवा फुगली, आणि बाहेर पडायला वाट एकच, ओल्या रेझिनमधून. पुस्तकात लिहिलंय की तापमान उतरत असताना रेझिन लावा, म्हणजे लाकूड श्वास आत घेतं. टेड मूर्सचं 'कनूक्राफ्ट', 1983 पासून बांधणाऱ्यांच्या टेबलावर असलेलं पुस्तक. ते पान मी पेन्सिलने अधोरेखित केलं होतं. ती पेन्सिल खिशातच होती.

घरात पुरणपोळ्या झाल्या होत्या. दोन खाल्ल्या. कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं.

25 मार्च

इथली धुळवड अशी. रेझिन कडक झाल्यावर बुडबुडे घासून फोडले, खड्डे परत रेझिनने भरले. बहुतेक गेले. पुढच्या नाळेजवळ डाव्या अंगाला तळहाताएवढा डाग राहिला, दुधावर साय धरावी तसा. तो घालवायचा तर कपडा कापून काढायला हवा, आणि आणखी खोल घासायची आता मला भीती वाटते. राहू दे.

8 एप्रिल

सूर्यग्रहण. किंग्स्टनला खग्रास, इथे थोडक्यात हुकलं, वर ढग. दुपारी सव्वातीनच्या सुमारास अंधारून आलं तेव्हा आधी मनात आलं, तापमान उतरतंय, रेझिन लावून घ्यावं का? आई फोनवर म्हणाली, "ग्रहणात काही नवं सुरू करू नकोस." मोडायची छाती झाली नाही.

9 एप्रिल, पाडवा

दुपारी शेजाऱ्यांना बोलावून कनू उलटी केली, म्हणजे सुलटी. साचे एकेक करून बाहेर काढले. पाच महिने ज्यांनी तिला उभं केलं ते प्लायवुडचे तुकडे कोपऱ्यात पडले आणि मध्ये नुसतं कवच राहिलं. त्याला बरगडी नाही, कणा नाही. हाताने दाबलं तर लवतं. आतून कपडा बसला की ताठ होईल.

सकाळपासून दोन्ही हीटर सोडून गराज 24 वर आणून ठेवलं होतं. संध्याकाळी सातला दोन्ही बंद केले. मग अर्धा तास काही न करता बसलो, हे सगळ्यांत अवघड गेलं. साडेसातला पहिला कप ओतला. काटा 23, 22, 20. एकही बुडबुडा नाही. रात्री एकला रबरी पट्टी खाली ठेवली.

19 मे

कनू म्युझियमची नवी इमारत याच महिन्यात लिटल लेकच्या काठी उघडली. सहाशेहून जास्त कनू आणि कायाक एका छताखाली. मी एका बर्चच्या सालीच्या कनूसमोर बराच वेळ उभा राहिलो. साल स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली, शिवणीवर राळ, आत सीडरच्या बरगड्या. अनिशिनाबे लोक अशा कनू शतकानुशतकं करत आले आहेत. ना इपॉक्सी, ना स्टेपल. सालीवर ठिकठिकाणी राळेची काळी ठिगळं होती आणि ती लपवायचा कुणी प्रयत्न केलेला नव्हता. माझा डाग आठवला. तिची ठिगळं प्रवासाची, माझा डाग घाईचा, तेव्हा बरोबरी नको.

16 जून

ॲशच्या काठपट्ट्या, मधलं जू, टोकांची झाकणं, सगळं बसलं. बैठका वेताच्या. कोमट पाण्यात भिजवलेला वेत, सहा पदरी वीण, माझ्या आजोबांच्या आरामखुर्चीची होती तीच. विणायला चार संध्याकाळी लागल्या. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून भुरभुरते म्हणून वर व्हार्निशचे चार हात. तिसऱ्या हातात एक डास कायमचा मुक्कामाला आला.

27 जुलै

वजनकाट्यावर 27 किलो. लिटल लेकवर सकाळी सहाला सोडली. बायको पुढे, मी मागे. ती म्हणाली, "डावीकडे चाललीय." मी म्हणालो, "मीच नेतोय." तासभर वल्हवलं. एका गृहस्थांनी काठावरून ओरडून विचारलं, स्वतः बांधली? मी नको तितकं लांब उत्तर दिलं.

परतताना बुडाशी वाटीभर पाणी दिसलं आणि छातीत धस्स झालं. बायकोने सँडल उचलून दाखवली. अजून निथळत होती. फडक्याने टिपून घेतलं आणि पुढे पंधरा मिनिटं फक्त ती जागा बघत राहिलो. कोरडी.

मामांना फोटो पाठवला. डाग त्यांनी पाहिला असणार, त्यांच्या नजरेतून सुटत नाही. दुपारी उत्तर आलं: "बरी दिसता. पण वल्ह्याक वर मूठ कित्याक?"