सहा की आठ?



लेबनॉन देशात त्रिपोली नावाचं एक बंदर आहे. (लिबियाची राजधानी त्रिपोली, ती वेगळी.) त्या बंदरासमोर समुद्राच्या तळाशी एक जुनी इंग्रजी युद्धनौका आहे, 'व्हिक्टोरिया' नावाची. २००४ साली पाणबुड्यांना ती सापडली तेव्हा आडवी पडलेली नव्हती. नाक चिखलात खोल रुतलेलं आणि मागचा भाग वर, अशी चक्क उभी! नातवाने तिचे फोटो मला कॉम्प्युटरवर दाखवले आणि विचारलं, "आजी, ही अशी कशी बुडली?" आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या बाईला असं काही विचारलं की मग तिला झोप येत नाही. :) उत्तर शोधता शोधता मला एक माणूस भेटला आणि तो काही डोक्यातून जाईना.

त्याचं नाव जॉर्ज ट्रायॉन. जन्म १८३२ चा, शिक्षण ईटनच्या शाळेत. १८४८ साली आरमारात दाखल झाला. अंगापिंडाने धिप्पाड, बुद्धीने तल्लख. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला होता. 'वॉरियर' ही ब्रिटनची पहिली लोखंडी चिलखती युद्धनौका १८६१ मध्ये सेवेत आली, तेव्हा तिच्यावरही तो होता.

त्याच्या चरित्रात आपली मुंबईसुद्धा येते बरं का. १८६७-६८ साली ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजावर इंग्रजांनी मोहीम काढली. फौज निघाली ती मुंबईहून. सैनिक, खेचरं, दाणागोटा, इतकंच काय, हत्तीसुद्धा बोटीत घालून तांबड्या समुद्रापलीकडे नेले. तिकडे ॲन्स्ले उपसागराच्या उजाड किनाऱ्यावर जहाजांची सगळी व्यवस्था ट्रायॉनकडे होती. प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवावं लागे. लढाईत नाव मिळवणारे पुष्कळ असतात, पण असल्या कामात नाव मिळवणारा माणूस निराळाच. पुढे तो नौदल खात्याचा सचिव झाला, ऑस्ट्रेलियाकडच्या आरमाराचा प्रमुख झाला आणि १८९१ मध्ये भूमध्य समुद्रातल्या आरमाराचा सेनापती झाला. त्या काळात ब्रिटिश नौदलात याहून मानाच्या जागा फार थोड्या होत्या.

पण मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्या वेळी आरमाराचं सगळं काम बावट्यांवर चाले. सेनापतीच्या जहाजावर बावटे चढायचे, बाकीच्यांनी 'समजलं' म्हणून आपले बावटे चढवायचे, मग हुकूम अमलात यायचा. त्यासाठी जाडजूड संकेतपुस्तकं होती. ट्रायॉनचं म्हणणं असं, की खऱ्या लढाईत धुरात बावटा दिसणार कसा? डोलकाठीच उडाली तर? म्हणून त्याने 'टी. ए.' नावाची पद्धत काढली. ती दोन अक्षरं चढवली की पुढे संकेत नाहीत. कप्तानांनी सेनापतीच्या जहाजाकडे बघायचं, त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि आपल्या अकलेने वागायचं. थोडक्यात काय, घोकंपट्टी बंद! शिक्षकाला आणखी काय हवं?

आता २२ जून १८९३. बैरुतहून त्रिपोलीला जाताना आरमाराच्या दोन समांतर रांगा होत्या. एका रांगेच्या पुढे ट्रायॉनची 'व्हिक्टोरिया', दुसरीच्या पुढे रिअर ॲडमिरल मार्कहॅमची 'कँपरडाउन'. ट्रायॉनने ठरवलं की दोन्ही रांगांनी आतल्या बाजूने, म्हणजे एकमेकींकडे, वळून उलट दिशेला तोंड करायचं. शाळेच्या कवायतीत मुलांच्या दोन रांगा आत वळवतो तसं. मुलं धडकली तर हसतील, पण दहा हजार टनांची बोट जागच्या जागी थांबत नाही. नेहमीच्या पद्धतीने वळायला प्रत्येक जहाजाला सुमारे ८०० वार जागा लागे. म्हणजे दोघांना १६०० वार आणि वर थोडी मोकळी जागा. ट्रायॉनने अंतर सांगितलं सहा केबल, म्हणजे १२०० वार.

एका अधिकाऱ्याने सुचवलंही, की निदान आठ केबल तरी हवेत. ट्रायॉन 'हो' म्हणाला. मग बावटे चढले ते सहाचेच. पुन्हा विचारायला माणूस पाठवला तर उत्तर आलं, सहाच राहू द्या.

पलीकडे मार्कहॅमला तो संकेत अशक्यच वाटला. त्याने 'समजलं'चा बावटा अर्ध्यावरच धरून ठेवला. शंका कळवायचा त्याचा विचार होता, तेवढ्यात सगळ्या आरमारादेखत ट्रायॉनचा सवाल आला, कशासाठी थांबला आहात? मार्कहॅमने मनाची समजूत घातली, की साहेबांचा काहीतरी डाव असणार, ते बाहेरून वळसा घालतील. त्याने बावटा पूर्ण चढवला.

पुढचं सांगायला नकोच. 'कँपरडाउन' 'व्हिक्टोरिया'त घुसली. टकरीनंतर तेरा मिनिटांत 'व्हिक्टोरिया' बुडाली, ३५८ माणसं गेली. ट्रायॉनही गेला. दोष सगळा माझा आहे असं तो शेवटी म्हणाला, असं बचावलेल्यांनी सांगितलं. त्याने सहाचा आग्रह का धरला यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

माल्टाला कोर्ट मार्शल झालं. निकालात मार्कहॅमबद्दल म्हटलं होतं, की त्याने आपली शंका कळवली नाही याचा खेद वाटतो, परंतु समोर हजर असलेल्या सेनापतीचा हुकूम पाळला म्हणून त्याला दोष देणं आरमाराला घातक ठरेल. वाचून मी पुस्तक मिटलं. म्हणजे विचारायला हवं होतं, पण न विचारल्याबद्दल बोलही लावायचा नाही! आणि ट्रायॉनबरोबर त्याची ती 'टी. ए.' पद्धतही मागे पडली. वास्तविक त्या दिवशीचा हुकूम जुन्याच, बावट्यांच्या पद्धतीने दिलेला होता.

'व्हिक्टोरिया'वर तापाने आजारी असलेला एक अधिकारी त्या दिवशी वाचला. त्याचं नाव जेलिको. १९१६ साली जटलंडच्या लढाईत तोच ब्रिटिश आरमाराचा सेनापती होता. रात्री त्याच्या काही जहाजांना जर्मन जहाजं निसटताना दिसली, पण सेनापतीला कुणी कळवलं नाही. त्याला दिसतच असेल, असं धरून चालले. तेवीस वर्षांनीही सगळे बावट्याचीच वाट बघत होते.

ट्रायॉनचं कुठे बिघडलं असेल? मला वाटतं, 'स्वतः विचार करा' हाही त्याने हुकूमच दिला होता. वर्गात "काही शंका?" असं आपण विचारतो आणि सत्तर मुलं गप्प बसतात, तसं. आमच्या शाळेत एक हेडसर होते. हुशार, कष्टाळू, पण दरारा असा की शिक्षकांच्या सभेत टाचणी पडली तर ऐकू यावी. एकदा त्यांनी दोन वर्गांची परीक्षा एकाच हॉलमध्ये एकाच वेळी लावली. सगळे माना डोलावत होते. चहा घेऊन आलेले शिपाईमामा तेवढे म्हणाले, "सर, बाकं दोन्ही वर्गांची एकावर एक ठेवू का?" मामांना ती बाकं स्वतः उचलायची होती ना! हेडसर हसले आणि त्यांनी वेळ बदलली. विचारलं असतं तर त्यांनी आधीही बदलली असती. पण ते आधी कळणार कसं?

आता हे सगळं आजच का लिहिलं? घरातल्या मंडळींना ठाऊक आहे, गावचं घर विकण्याचं चाललंय. आपल्या कुटुंबात वयाने आता मीच मोठी. महिनाभरात सगळ्यांना फोन केले. पुण्याहून, बडोद्याहून, अमेरिकेतून, सगळीकडून एकच उत्तर, "काकू, तुम्ही म्हणाल तसं." ऐकायला किती बरं वाटतं! पण ट्रायॉन वाचल्यापासून त्या वाक्याची मला धास्ती वाटायला लागलीय.

तेव्हा, येत्या पंधरा दिवसांत मी कुठेही सही करणार नाही. किंमत कमी वाटत असेल, देवघराचं काय करायचं ते कुणाच्या मनात असेल, किंवा मुळात विकूच नये असं वाटत असेल, तर मला फोन करा. रात्री साडेनऊपर्यंत मी जागी असते. धाकट्यांनी तर आधी करा.

बावटा अर्ध्यावर धरून ठेवू नका. मी "कशासाठी थांबलात?" असं विचारणार नाही.