चार बिऱ्हाडें आणि एक वही

आमच्या पिढींतील शिक्षकाला बिऱ्हाड बदलण्याचा अनुभव कांहीं नवा नाहीं. बदलीचा हुकूम हातीं पडला कीं देवांचा संपुष्ट, पाटा-वरवंटा, पुस्तकांची ट्रंक आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले गोळा करावयाचे व नव्या गांवची वाट धरावयाची. तेथें आठ दिवस झाले म्हणजे ध्यानांत यावयाचें कीं, देव्हाऱ्यांतील घंटा जुन्याच घराच्या कोनाड्यांत राहिली! १९९३ सालीं मी भंडारदऱ्याजवळच्या एका शाळेंत आलों व २०१५ सालीं तेथूनच निवृत्त झालों. त्यामुळें तसलीं बिऱ्हाडें संपलीं. परंतु एका छंदापायीं मला निराळ्या प्रकारचीं चार बिऱ्हाडें करावीं लागलीं, आणि त्यांतील एका स्थलांतरांत घंटेपेक्षां फार मोठी वस्तु मागें राहतां राहतां वांचली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा छंद संगणकाचा. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, पाठशाळेंत थोडें व्याकरण झालेलें, इंग्रजी कामापुरतें. २००१ सालीं संगमनेरहून एक वापरलेला संगणक घरीं आणला, तेव्हां शेजाऱ्यांनीं कपाळाला हात लावला. त्यावर विंडोज ९८ ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. ही काय वस्तु आहे, तें एका दृष्टांतानें सांगतों. संगणक विकत घेणें म्हणजे केवळ चार भिंती विकत घेणें. चूल कोणत्या कोपऱ्यांत, पाणी कोठें भरावयाचें, किल्ल्या कोणाच्या कमरेला, आलेल्या पाहुण्याला माजघरांत घ्यावयाचें कीं ओसरीवरच बसवावयाचें, ही सारी व्यवस्था जी लावते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ती बदलली कीं भिंती त्याच, पण घर निराळें.

माझ्या पत्नीला या यंत्राचें कौतुक नव्हतें. परंतु त्याचा खरा उपयोग तिनेंच केला. आसपासच्या वाड्यांवरील ठाकर व महादेव कोळी बायांकडून ती जात्यावरच्या ओव्या ऐके व एका वहींत उतरून घेई. पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि ओव्याहि मुक्या होऊं लागल्या, याची तिला फार हळहळ वाटे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. त्या मानानें आमच्या घरची वही म्हणजे ओंजळभर पाणी. सुमारें तीनशें ओव्या होत्या. २००२-०३ च्या हिवाळ्यांत ती वाचीत असे व मी टंकित करीत असें.

पुढें एक्स्-पी आली, तें दुसरें बिऱ्हाड. तिसऱ्याची कथा मौजेची आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरचा संकल्प सोडला, आणि १९९१ सालीं हेलसिंकीच्या लायनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें केवळ छंद म्हणून लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांस मोकळा करून दिला. या दोन प्रवाहांच्या संगमांतून निघालेल्या प्रणालींपैकीं उबुंटु ही २००४ सालची. मागेल त्याला तिची तबकडी टपालानें फुकट येई. २०११ पर्यंत ही प्रथा होती. २००७ सालीं तो परदेशी लिफाफा देतांना आमच्या पोस्टमननें विचारलें, "गुरुजी, मुलगा परदेशीं गेला काय?" ज्यानें त्यानें वाचावें, प्रत करावी, चूक दिसल्यास सुधारावी व पुढच्याच्या हातीं द्यावें, हा आमच्या पोथ्यांच्या जगांतला धर्म यंत्राच्या जगांत पाहून मला परमानंद झाला. त्या आनंदांत मीं दोन दिवसांत बिऱ्हाड हलविलें. छपाईयंत्र पंधरा दिवस रुसून बसलें होतें, त्याचीच काय ती चिंता.

त्या वेळीं पत्नीनें स्वयंपाकघरांतून विचारलें, "अहो, माझी वही तिकडे नीट आली ना? उघडून पाहिलीत का?"

"आली," मी म्हणालों. मीं उघडून पाहिली नव्हती.

२०१२ सालीं ती गेली. पुढें चार वर्षें त्या वहीला हात लावण्याचा धीर झाला नाहीं. २०१६ च्या पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली. येथला पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला पुढचें सांगावयास नको. पानें एकमेकांस चिकटून त्यांची वडी झाली होती. शाई पसरून निळे डाग तेवढे उरले होते. शेजारच्या डबींतील फ्लॉपीवर बुरशी धरली होती. मन घट्ट करून मी संगणकाकडे वळलों आणि ती फाइल उघडली. पडद्यावर एकहि देवनागरी अक्षर नव्हतें! रोमन अक्षरें, त्यांच्या डोक्यावर टिंबें-टोप्या, आणि मधूनमधून प्रश्नचिन्हें.

दोष कोणाचा म्हणावा? त्या काळच्या फॉन्टांत क, ख, ग हीं अक्षरें खरीं नसत. यंत्राच्या दृष्टीनें तो मजकूर रोमन चिन्हांचाच. त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढविलेला. असा मुखवटा प्रत्येक फॉन्टकर्त्याचा वेगळा. माझा फॉन्ट जुन्या संगणकाबरोबर भंगारांत गेला होता. भारतीय मानक ब्यूरोची इस्की पद्धति १९९१ सालींच प्रसिद्ध झाली होती, आणि प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचें कायमचें स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षीं निघाली होती. परंतु ही वार्ता माझ्यापर्यंत फार उशिरा पोहोंचली. वरून बिऱ्हाड हलवितांना मीं घाईनें फाइल साध्या मजकुराच्या रूपांत साठविली; त्यांत कांहीं चिन्हें नव्या घराला ओळखतांच आलीं नाहींत व त्यांच्या जागीं प्रश्नचिन्हें बसलीं. ही चूक सर्वस्वी माझी.

सुदैवानें माझ्या मेहुणीकडे त्या ओव्यांचीं चार छापील पानें निघालीं. एका बाजूस तीं पानें, दुसऱ्या बाजूस पडद्यावरचा गोंधळ, असें ठेवून मी एकेक चिन्ह जुळवूं लागलों. पुण्यांत नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानें दूरध्वनीवरून पायथन या संगणकीय भाषेचे प्राथमिक धडे दिले. आणि येथें, वाचकहो, पाठशाळेंतील व्याकरण असें उपयोगीं पडलें कीं गुरूंचें स्मरण होऊन डोळे भरून आले. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकावी लागे, कारण ती डोळ्यांना आधीं दिसते. युनिकोडांत ती व्यंजनानंतर येते, कारण उच्चारांत आधीं क् व मग इ. रफाराचें उलट: तो दिसतो मागून, उच्चारला जातो आधीं. म्हणजे जुना फॉन्ट डोळ्याचा चेला, तर युनिकोड कानाचा. पहिल्या प्रयत्नांत सगळाच विचका झाला, कारण लहान चिन्हांचे नियम आधीं चालून मोठ्या जोडाक्षरांचे तुकडे झाले. मग पाणिनीची आठवण झाली. अपवादाला उत्सर्गाआधीं मान! 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्या' यांचे नियम वर, साध्या अक्षरांचे खालीं, अशी मांडणी केली आणि २०१७ च्या वैशाखांत एका पहाटे पहिली ओवी पडद्यावर सबंध उमटली. मी ती मोठ्यानें वाचली. घरांत ऐकणारें कोणी नव्हतें.

प्रश्नचिन्हें मात्र तशींच राहिलीं. बहुतेक संदर्भानें भरलीं. एका ओवींत एका शब्दाचें पहिलें अक्षर गेलें होतें. काना व 'ळ' तेवढे उरले होते. ओवी आईच्या तोंडची. मीं निःशंकपणें 'बाळ' असें भरलें. तरी मनाला चैन पडेना. शेवटीं रतनवाडीच्या वाटेवरील एका वाडीवर गेलों. पत्नीला ओव्या सांगणाऱ्यांपैकीं एक आजीबाई तेथें होत्या. वय ऐंशींच्या पुढें. मीं कागद काढून वाचूं लागलों, तों त्यांनीं हात वर केला.

"गुरुजी, कागुद ठिवा. बाईंला ती म्याच सांगितली व्हती."

आणि त्यांनीं ती सबंध ओवी गाऊन दाखविली. शब्द 'बाळ' नव्हता, 'माळ'हि नव्हता. तो 'साळ' होता. या दऱ्याखोऱ्यांत, जेथें घरोघर भाताचीं आवणें लावलीं जातात, तेथें आईच्या ओवींत साळ यावी हें किती स्वाभाविक! वीस वर्षांहून अधिक काळ येथें राहूनहि तें मला सुचलें नाहीं. पत्नी असती तर हंसली असती.

त्यानंतर माझ्या छंदाला शिस्त आली. आमच्या प्रवरेवरील धरण १९२६ सालीं पुरें झालें. एवढी दगडी भिंत; तीहि १९६९ सालीं तडकली, गळूं लागली, आणि पुढें मागील बाजूनें आधाराचें बांधकाम करून ती मजबूत करावी लागली. बांधणाऱ्याचें नांव शिलेवर कोरतात, गळती शोधणाऱ्याचें कोणी विचारीत नाहीं. पण पाणी राहतें तें दोघांमुळें. सॉफ्टवेअरचेंहि असेंच. एक्स्-पीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली. विंडोज १० ची सर्वसाधारण डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. नव्या आवृत्तीस न चालणारीं धडधाकट यंत्रें लोक माझ्या ओसरीवर आणून ठेवूं लागले. त्यांवर मी डेबियन बसवून देतों. १९९३ पासून स्वयंसेवकांनीं चालविलेली ही प्रणाली २०१९ पासून माझें चौथें बिऱ्हाड आहे. हिच्या आवृत्त्यांस एका बालचित्रपटांतील खेळण्यांचीं नांवें देतात, याची मुलांना मोठी मौज वाटते. दर एकादशीस मी यंत्रास ताज्या दुरुस्त्या घालतों, आणि ओव्यांच्या तीन प्रति तीन ठिकाणीं आहेत ना, हें पाहतों. नुसतें पाहत नाहीं. प्रत्येक प्रत उघडून एक ओवी वाचतों.

यंत्र साठवितें, माणूस राखतो. बिऱ्हाड बदलण्यास माझी हरकत नाहीं. पांचवेंहि करावें लागेल. पण घरांतून कोणी "उघडून पाहिलीत का?" असें विचारलें, तर उत्तर देण्यापूर्वीं उठून पाहावें, एवढेंच मी अनुभवानें सांगूं शकतों. विचारणारें माणूस सदैव घरांत असतेंच असें नाहीं.