मिटलेला डोळा

चलच्चित्रांची जुळणी करणारें ‘आफ्टर इफेक्ट्स’ हें संगणकीय साधन १९९३ सालीं निघालें. त्यांत चित्रांचे थर एकावर एक रचितात. प्रत्येक थरासमोर एक चिमुकला डोळा असतो. तो मिटला कीं थर दिसेनासा होतो. शेजारीं काळाच्या मापावर थराची पट्टी असते. ती संपली म्हणजेही थर दिसत नाहीं. पाहणारास दोन्ही सारखेंच. आम्हांस मात्र त्यांत मोठा भेद वाटतो.

डोळा मिटला म्हणून थराचें काम थांबत नाहीं. त्याला जोडलेले दुसरे थर त्याच्याबरोबर सरकतच राहतात. नदीच्या दृश्यास एखादें अक्षर साचा म्हणून लाविलें, तर अक्षराचा डोळा मिटलेला असतो, आणि तरीही नदी वाहते ती त्याच्याच आकारांत. साच्याची पट्टी संपली, कीं नदीही लोपते.

आमच्या पिढीस आकार देणारीं कित्येक माणसें माजघराबाहेर कधीं दिसलींच नाहींत. तीं गेलीं तेव्हां घराचा आकारच हरपला. संगणकावरील साच्याची पट्टी ओढून लांबवितां येते. त्यांची आली नाहीं.