रेडिएटरचे झाकण

बाबांच्या उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची त्वचा फिकट आणि गुळगुळीत आहे. अनोळखी माणसाने विचारले तर ते "जुनं भाजलंय" एवढेच सांगतात आणि बाही खाली ओढतात.

१९९६ च्या मे महिन्यात मामाच्या लग्नासाठी आम्ही कल्याणहून पुण्याला निघालो होतो. आमची प्रीमियर पद्मिनी तेव्हाच बारा वर्षांची होती. बाबांनी ती जुनीच विकत घेतली होती. खोपोली मागे टाकून आम्ही बोरघाट चढू लागलो आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेटमधून वाफ येऊ लागली. घाटातली वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ आहे, असे सांगतात. येणारे-जाणारे चालक तेथे नाणे टाकून पुढे जातात. मुहूर्त साडेअकराचा होता. बाबांनी हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले.

त्यानंतरचे मला नीट आठवत नाही. आठवते ती आईची किंकाळी. लग्न आमच्याविना लागले.

त्या दिवसापासून बाबांनी बॉनेटला हात लावला नाही. गाडी मात्र दर उन्हाळ्यात तापत राहिली आणि दर उन्हाळ्यात गॅरेजमध्ये जात राहिली. २०१२ साली एका मेकॅनिकने सांगितले, "हेडचे गॅस्केट गेले आहे, इंजिन उघडावे लागेल. त्यापेक्षा भंगारात द्या." बाबांनी लगेच मान डोलावली. त्यांच्या त्या तत्परतेनेच मला अस्वस्थ केले. गाडीपेक्षा तिच्या आठवणीतून ते सुटू पाहत होते, असे मला वाटले.

मी एका कार्यालयात लिपिक होते. यंत्रांशी माझा संबंध शिवणयंत्रापलीकडे गेलेला नव्हता. पण गाडीच्या खणात तिच्यासोबत आलेली एक पुस्तिका होती. ती इंग्रजीत होती. बाबांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराणा दुकानाचा हिशेब ते तोंडी करत, पण ही पुस्तिका त्यांनी कधी उघडली नव्हती. मी शब्दकोश जवळ घेऊन बसले. अडलेला शब्द वहीत लिहायचा, अर्थ शोधायचा आणि मग खाली जाऊन तो भाग प्रत्यक्ष गाडीत शोधायचा, असा क्रम पंधरा दिवस चालला. शब्दकोशात न सापडलेले दोन-तीन शब्द शेवटी इंजिनाकडे पाहूनच उमगले.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम पाव भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला बराचसा धुराबरोबर जातो आणि बाकीचा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप ते पाणी इंजिनाभोवती फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते आणि पंख्याच्या वाऱ्याने निवते. झाकण घट्ट असल्यामुळे आत दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होऊन सगळे पाणी उसळते. ही ओळ समजली तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ तशीच बसले.

गॅस्केट खरोखरच गेले आहे का, हे आधी पाहायचे होते. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली. तेलात पाणी मिसळले असते, तर ते दुधाळ चहासारखे दिसले असते. ते स्वच्छ होते. गार इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुडे आले नाहीत. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यात सोडली. पाण्याला उकळी येण्याआधीच ती हळूहळू उघडली. आईने मात्र ते पातेले पुन्हा स्वयंपाकात घेतले नाही.

दोष सापडला तो रेडिएटरमध्ये. तोटी सोडताच गंजाच्या रंगाचे पाणी आणि पांढरे कण बाहेर पडले. दोन रबरी नळ्या आणि काही बोल्ट सोडवून मी तो बाहेर काढला व खालच्या तोंडाला बागेची नळी लावली. पाणी वरच्या तोंडातून अगदी सावकाश आले. निम्म्याहून अधिक नळ्या क्षारांनी बुजल्या असाव्यात. न्हाणीघरातल्या बंबाला आतून जसा थर चढतो, तसाच हा थर. आमच्या इमारतीला बोअरचे जड पाणी येत असे आणि बाबा इतकी वर्षे तेच ओतत होते.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "पुस्तकात पाण्याचं काय लिहिलंय?" त्यांनी विचारले. मी वाचून अर्थ सांगितला: पाणी स्वच्छ आणि मऊ असावे, इंजिन तापलेले असताना झाकण उघडू नये.

"हे पहिल्यापासून त्यात होतं?"

"हो, बाबा."

बराच वेळ ते हातावरून हात फिरवत राहिले. "आणि पाणी मीच भरत होतो," एवढेच म्हणाले.

पुढचे काम माझ्या आवाक्यातले नव्हते. बाजारातल्या रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडली, नळ्यांतून सळया फिरवल्या आणि पुन्हा डाग दिला. सगळे घरीच करण्याचा हट्ट मला तेव्हाही पटत नव्हता. नव्या रबरी नळ्या, नवा पट्टा आणि नवे झाकण मात्र मीच बसवले. शुद्ध पाण्यात मिसळलेले हिरवे कूलंट भरले आणि अभिमानाने मागे सरले. खालची तोटी घट्ट करायला मी विसरले होते. हिरवा ओहळ अंगणभर पसरला आणि इमारतीतला कुत्रा तो हुंगत पुढे आला. ते द्रव्य चवीला गोड पण विषारी असते, हे मी आदल्याच दिवशी बाबांना सांगितले होते. बाबा ताडकन उठले, कुत्र्याला हाकलले, बादलीमागून बादली ओतून फरशी धुतली आणि मग पाना घेऊन स्वतः रेडिएटरखाली वाकले. सोळा वर्षांनी त्यांचा हात तेथे पोहोचला होता. मी काही बोलले नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही जुन्या रस्त्याने घाट चढलो. काटा मधोमध स्थिर होता. शिंग्रोबापाशी बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, नाणे टाकले आणि परत येऊन बॉनेटवर तळहात ठेवला.

"पाणी बघू या का?"

"अजून तासभर तरी नाही."

ते कठड्यावर बसले. दरीतून रेल्वे गेली, उन्हे कलली. मधून मधून ते उठत, हात लावून पाहत आणि परत येऊन बसत. अखेर त्यांनी रुमाल काढला, क्षणभर थांबले आणि तो परत खिशात ठेवला. उघड्या हाताने त्यांनी झाकण फिरवले. पाणी काठापर्यंत होते.