तारनाक्याची प्रयोगशाळा

हैदराबाद म्हटले की चारमिनार, गोवळकोंड्याचा किल्ला आणि मोत्यांची दुकाने एवढीच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. प्रवासी तेवढे पाहतो आणि परततो. परंतु सिकंदराबाद स्टेशनाहून उप्पलच्या दिशेने निघाले असता, उस्मानिया विद्यापीठाजवळ तारनाका नावाचा भाग लागतो. तेथील एका संस्थेची ओळख आज वाचकांस करून द्यावयाची आहे. तिचे नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी.

आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या सरकारने १९४४ साली उद्योगधंद्यांच्या संशोधनासाठी तिचा पाया घातला. १९५६ साली ती केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडे आली. औषधे आणि कीटकनाशके यांवरील संशोधनाबद्दल तिची ख्याती आहे.

औषधांच्या या घराचा युद्धाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनज्ञ पिकांवरील किडीसाठी औषध शोधीत होते. शोधता शोधता त्यांच्या हाती ताबून हे जहाल विष लागले आणि पुढे सैन्याने त्याचे शस्त्र केले. थायोडायग्लायकोल हा पदार्थ शाईत व रंगकामात वापरतात. त्यापासूनच मस्टर्ड वायूही बनविता येतो. ज्या कोयत्याने आपण वाडीतील केळीचा घड उतरवितो, त्यानेच माणसावर घावही घालता येतो. तसेच हे आहे. मार्च १९८८ मध्ये इराकमधील हलब्जा गावावर असा विषारी मारा झाला आणि हजारो निरपराध स्त्री-पुरुष व बालके प्राणांस मुकली.

हा अनर्थ टळावा म्हणून रासायनिक शस्त्रबंदीचा करार झाला. भारताने त्यावर जानेवारी १९९३ मध्ये सही केली आणि एप्रिल १९९७ पासून तो अमलात आला. आज १९३ राष्ट्रे त्यात सामील आहेत. आपल्या देशाने स्वतःजवळचा साठा जाहीर केला व २००९ पर्यंत तो पूर्णपणे नष्ट केला. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेचा साठा संपला आणि जगात जाहीर झालेला सर्व साठा नाहीसा झाला.

मग काम संपले काय? नाही. साठा जाळता येतो. तो तयार करण्याची विद्या जाळता येत नाही. म्हणून पहारा हवा, आणि हा पहारा बंदुकीचा नव्हे, जाणत्या माणसांचा हवा. संशयित जागेवरून आणलेले माती-पाण्याचे नमुने सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे पाठवितात. ही मान्यता टिकविण्यासाठी वरचेवर परीक्षा द्यावी लागते. नमुन्यात काय दडले आहे ते पंधरा दिवसांत सांगावयाचे असते, आणि नसलेला पदार्थ 'आहे' म्हणून सांगितला की नापास! खोटी साक्ष येथे चालत नाही; कारण त्या एका शब्दावर दोन राष्ट्रांचे वैर पेटू शकते. तारनाक्याच्या या संस्थेतील रासायनिक विषांच्या पृथक्करणाच्या केंद्राने हा मान मिळविला होता.

अशी माणसे एका देशात घडत नाहीत. कराराची देखरेख करणारी संघटना नेदरलँड्समधील हेग शहरी आहे. २००० सालापासून ती विकसनशील देशांतील रसायनज्ञ व इंजिनियर यांस काही आठवड्यांच्या शिक्षणासाठी बोलावीत आली आहे. ते हेगला करार समजून घेतात, इंग्लंडमधील सरे विद्यापीठात धडे घेतात आणि नंतर परक्या देशाच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम पाहतात. एका बाकावर आफ्रिकेचा, आशियाचा आणि दक्षिण अमेरिकेचा माणूस बसतो. एकमेकांची पद्धत ठाऊक झाली की एकाच्या अहवालावर दुसऱ्याचा विश्वास बसतो. कराराचे खरे बळ या विश्वासातच आहे. संघटनेला २०१३ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे.

आपल्या गावची मुले-मुली आता बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतात. औषधाच्या कंपनीत नोकरी लागावी, एवढीच बहुतेक आईबापांची इच्छा असते, आणि ती योग्यच आहे. परंतु या विद्येच्या वाटेवर शांततेची राखण करण्याचे कामही आहे, हे त्यांच्या कानावर घालावे. त्यासाठी हुशारी तर हवीच. पण जे दिसले तेवढेच सांगण्याचा प्रामाणिकपणा त्याहून अधिक हवा. आणि तो प्रयोगशाळेच्या पुष्कळ आधी, घरीच शिकविला जातो.